डब्यावरचं एक अक्षर

काउंटरच्या काचेवर कम्प्युटरच्या प्रोसेसरचा तो निळा डबा ठेवला गेला तेव्हा मी हातभर अंतरावर उभा होतो. डब्यावर आकडा होता १२४००, आणि आकड्याच्या शेपटीला एक अक्षर, एफ. तो डबा माझ्यासाठी नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलासाठी होता. त्याने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि मामाच्या हाती दिला. मामाने तो देवळातला प्रसाद घ्यावा तसा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. त्या अक्षरामुळे मुलाचं काम कुठे अडणार, ते मला माहीत होतं. त्याला ते माहीत नसावं. दुकानदाराने ते सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

एवढंच घडलं.

२०२४च्या दिवाळीनंतरचे दिवस. मी माझ्याच कामासाठी मुंबईत, कम्प्युटरच्या सामानाच्या लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, हा त्या महिन्यातला माझा तिसरा फेरा. त्या रस्त्याला स्वतःचा एक वास आहे. नवं प्लास्टिक, थर्माकोल, उकळत ठेवलेला चहा आणि पावसाळ्यापासून ओल धरलेली जुन्या चाळींची लाकडं. दुकानं जेमतेम आठ-दहा फूट रुंद, पण माल छतापर्यंत. फुटपाथवर मॉनिटरच्या खोक्यांची उतरंड, तिच्यातून वाट काढत डोक्यावर चार-चार कॅबिनेट नेणारे हमाल, आणि खोकी बंद करताना चिकटपट्टीचा तो लांबलचक चर्रर्र आवाज. तो आवाज ऐकला की कुणाचा तरी सौदा झाला असं समजायचं.

मुलाचं पहिलं वाक्य ऐकलं आणि तो आमच्याच बाजूचा हे कळलं. माण नाहीतर खटाव. मामा मुंबईत माथाडी असावेत, खांद्यांवरून आणि हातांवरून ते दिसतच होतं. बोलत तेच होते. "शेठ, पोरगं लग्नाच्या शूटिंगा करतंय. कॅमेरा घेऊन झालाय. आता कम्प्युटर असा द्या की पुन्यांदा यायला लागू नये." मुलगा मध्येच हळू आवाजात तपशील भरत होता. कॅमेरा कॅनन आर सिक्स, सेकंडहँड. सी-लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर चढवायच्या फिकट चित्रणात, शूट करतो. एडिटिंग प्रीमिअर या सॉफ्टवेअरमध्ये. मित्राच्या लॅपटॉपवर टाइमलाइन, म्हणजे तुकडे जोडायची ती पट्टी, पुढे सरकतच नाही. बजेट सत्तर हजार. पैसे मामांच्या शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले होते. मामांचा हात मधूनमधून तिथे जाऊन येत होता.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. मी त्याच्याकडून आधी पेन ड्राइव्ह, केबल असलं किरकोळ सामान नेलं होतं आणि त्याने कधी फसवलं नाही. त्याने मुलापुढे काचेचं कॅबिनेट ठेवलं, आत तीन पंखे, तिन्हींत रंग बदलणारे दिवे. आठ जीबीचं एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड काढलं. मग प्रोसेसरकडे आला आणि म्हणाला, "कार्ड तर वेगळं घेतोयस, मग आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे? एफवाला घे, दोन हजार वाचतील." दिवसाला दहा गिऱ्हाइकं येतात, त्यातली आठ गेम खेळणारी. त्या आठांसाठी हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. या मुलासाठी मात्र नव्हता, आणि का नव्हता हे त्याच्याच तोंडून आलेल्या 'सी-लॉग' या शब्दात होतं.

तो कॅमेरा सी-लॉगमध्ये चित्र साठवतो ते एच-२६५ पद्धतीने, दहा बिटांत आणि रंगांच्या बाबतीत ज्याला फोर-टू-टू म्हणतात त्या हिशेबाने. रंगांची माहिती जास्त राहते, म्हणून पुढे हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल हवा तसा वळवता येतो. पण ही पद्धत चित्रं फार दाबून भरते. दर सेकंदाच्या पंचवीस चित्रांपैकी एखादंच पूर्ण असतं, बाकीची फक्त 'मागच्यापेक्षा इथे एवढं बदललं' अशा नोंदी. कात्री लावायला मध्येच कुठे थांबलात की मशीनला मागचं पूर्ण चित्र शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. ही उलगड करायला चिपमध्ये वेगळी जागा कोरलेली असते. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीतल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ती फोर-टू-टूसाठीही आहे. एनव्हिडियाच्या त्या वेळी बाजारात असलेल्या तीस आणि चाळीस मालिकांच्या कार्डांत ती नव्हती. (पुढे २०२५मध्ये आलेल्या पन्नास मालिकेत आली, पण ते मला नंतर कळलं.) आणि एफ या अक्षराचा अर्थ, प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स बंद आहे. म्हणजे त्या मुलाच्या कुलपाची किल्ली नेमकी त्या खोलीत होती, जी दोन हजार वाचवायला बंद केलेली होती.

हे सगळं मला त्या क्षणी असंच सुचलं, याच क्रमाने. तोंड उघडायला वीस सेकंद पुरली असती. माझी जीभ का हलली नाही, याची उत्तरं मी नंतर पुष्कळ गोळा केली. दुसऱ्याच्या धंद्यात बोलू नये. दुकानदाराने मलाही कोटेशन द्यायचं होतं, त्याला दुखवायचं नव्हतं. मामांच्या चेहऱ्यावर नुकतंच कुठे समाधान उमटलं होतं. आणि एक उत्तर याहून लाजिरवाणं होतं. मला ऐंशी टक्के खात्री होती, शंभर नव्हती, आणि त्या वीस टक्क्यांच्या मागे मी उभा राहिलो. नोटा मोजल्या गेल्या. चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज आला. मामांनी खोकं खांद्यावर घेतलं, मुलगा मॉनिटर सांभाळत मागे, आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

परतीच्या गाडीत मला काका आठवत राहिले.

आमच्या काकांचं कोरेगावात बाजारपेठेत व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्न, मुंज, वास्तुशांत, गावची जत्रा. मी शाळेत असताना त्यांच्याकडे दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर होता. एकीकडे टेप चालवायची, दुसरीकडे नेमक्या क्षणी रेकॉर्ड दाबायचं. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा. नवरा-नवरीच्या चेहऱ्याभोवती बदाम उमटवणं हे त्या काळातलं शिखर होतं आणि काका ते न चुकता गाठायचे. सुट्टीत मी त्यांच्या मागे हॅलोजनचा दिवा धरून फिरलो आहे. त्या दिव्याने हाताला बसलेला चटका आणि मांडवातल्या बायकांनी डोळ्यांवर धरलेले पदर अजून आठवतात.

मग मिनी डीव्हीच्या डिजिटल टेपा आल्या आणि काकांना कम्प्युटर घेणं भाग पडलं. २००४ साल असावं. पतसंस्थेचं कर्ज काढून ते पुण्याला गेले, मी कॉलेजात होतो म्हणून बरोबर. त्या वेळी दुकानात सगळे एकच आकडा सांगत, गिगाहर्ट्झ किती. काकांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "एक टेप आत घ्यायला किती वेळ, आणि काम झाल्यावर बाहेर काढायला किती?" दुकानदाराला प्रश्न समजला नाही. काकांनी मांडीवर वही उघडली. त्यांनी कुणाकुणाला विचारून लिहून आणलं होतं. डीव्हीचा एक तास म्हणजे तेरा जीबी. एका लग्नाच्या चार टेपा, म्हणजे बावन्न. ऐंशीच्या डिस्कमध्ये एक लग्न जेमतेम बसणार, आणि लग्नसराईत तीन-तीन लग्नं हातात असणार. टेप आत घ्यायला तासाला तासच लागणार, तिथे कुठलाही प्रोसेसर काही करू शकत नाही. तेव्हा त्यांनी प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला आणि वाचलेल्या पैशात दुसरी डिस्क आणि टेप आत घ्यायचं फायरवायरचं कार्ड. "आपण थांबतो कुठं, ते बघायचं," ते परतताना एसटीत म्हणाले. "पैसा तिथं घालायचा. जिथं थांबतच नाय, तिथं घालून काय उपेग?"

त्या वर्षांतलं भारनियमन आमच्या बाजूला कुणाला विसरता येणार नाही. रात्री कम्प्युटरला रेंडर, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढायचं काम, लावून झोपायचं आणि तीन वाजता वीज गेली की सहा तासांचं काम पाण्यात. काकांनी एक इन्व्हर्टर बसवला. त्याच्यावर घरातला एकही दिवा जोडला नाही, फक्त तो कम्प्युटर. मी एकदा मुक्कामाला होतो. वीज गेलेली, स्वयंपाकघरात काकू कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापत होत्या, आणि पुढच्या खोलीत कुणाच्या तरी वरातीची घोडी मॉनिटरवर अडखळत-अडखळत पुढे सरकत होती. काका खुर्चीत बसून, काम किती झालं ते दाखवणाऱ्या पट्टीकडे बघत होते. ती पट्टी शंभरावर पोचली तेव्हा त्यांनी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग काकूंना हाक मारली, "जेवायला वाढ." त्या घरात मशीन विकत घेणं म्हणजे काय असतं, ते मी तिथे पाहिलं. म्हणूनच तो मामांचा आतल्या खिशाकडे जाणारा हात मला बघवत नव्हता.

काका २०१९मध्ये गेले.

त्यांच्या मोठ्या बहिणीसाठी, म्हणजे आत्यासाठी, मी हा सगळा कम्प्युटरचा घाट घातला होता. आत्याचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. घरात जातं अजून आहे, माजघराच्या कोपऱ्यात, त्याच्यावर आता पितळी घागर ठेवलेली असते. आत्याला ओव्या किती येतात ते तिलाही सांगता येणार नाही. जात्याला हात लागल्याशिवाय त्या येतच नाहीत. नुसतं म्हण म्हटलं तर दोन-तीन म्हणून थांबते. खुंटा हातात आला, दाणा पडला, घरघर सुरू झाली, की एकीला लागून दुसरी निघते. पहिली देवाची, मग आईबापाची, मग माहेरच्या वाटेची, आणि बराच वेळ दळण झालं की भावाची. त्या मे महिन्यात मी दोन फोन लावून चार दिवस शूट केलं. एक फोन चेहऱ्यावर, एक हातावर. दोन्ही फोर-केमध्ये, कारण तिच्या हातांवरचं गोंदण मला नीट हवं होतं.

आणि मग माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर ते उघडलं. आवाज पुढे जायचा, चित्र जागेवर. आत्याचं तोंड उघडं राहायचं, हात खुंट्यावर थिजलेला, आणि एकदम दोन सेकंदांनी हात भलतीकडेच पोचलेला. पंखा असा सुटायचा की ओवी ऐकू येऊ नये. मला हे सोसवलं असतं. रात्रीचं बसून, तुकड्या-तुकड्याने, मी काम रेटलं असतं. पण एके ठिकाणी मी अडलो. भावाच्या ओव्यांपैकी एका ओवीत दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आत्या थांबते. की लॅपटॉप थांबतो? दहा वेळा बघितलं, दर वेळी तो खंड वेगळ्या लांबीचा. ओवी म्हणणारी बाई श्वास कुठे घेते, कुठे अडखळते, कुठे मुद्दाम थांबते, हेच जर मला दिसत नसेल तर कात्री कुठे लावायची? मी एक संध्याकाळ तो तुकडा तिलाच दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "बाळा, मी अशी मधीच दगडावाणी झाले होते व्हय?"

त्यानंतर मी काकांची वही मनात उघडून बसलो. मी थांबतो कुठे? माझ्या फोनचं चित्रण सेकंदाला साधारण पन्नास मेगाबिट, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी, दोन फोन मिळून पंचेचाळीस. काकांच्या चार टेपांएवढं जवळपास. पण सेकंदाच्या हिशेबाने बघितलं तर दोन्ही मिळून बारा-तेरा मेगाबाइटच. एवढं तर फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कही देते, जी सेकंदाला दीडशेच्या वर वाचते. म्हणजे सेकंदाला सात हजार मेगाबाइटवाली ती महागडी एसएसडी, जी प्रत्येक दुकानदार मला दाखवत होता, ती माझ्या थांबण्याच्या जागी काहीच करणार नव्हती. साधी, स्वस्तातली एनव्हीएमई एसएसडी पुरेशी होती. माझं थांबणं सगळं त्या उलगडण्यात होतं, आणि त्यासाठी मला एफ नसलेला बाराव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर हवा होता. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि अंगचं ग्राफिक्स शाबूत. वेगळं कार्ड मी घेतलंच नाही. जागा ठेवली, पॉवर सप्लाय साडेपाचशे वॉटचा बऱ्या प्रतीचा घेतला, म्हणजे पुढे वाटलं तर बसवता येईल. पॉवर सप्लायमध्ये कंजुषी करू नये हे मी कुणालाही सांगेन. तो गेला तर एकटा जाईल याची खात्री नसते.

रॅम सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, एकच बत्तीसची नाही. अंगचं ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, ते याच रॅममधून उसनं घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी घेतं. हा फरक कागदावर लहान दिसतो, टाइमलाइनवर कळतो. (वर्षभराने, २०२५च्या अखेरीस, रॅमचे भाव असे भडकले की तेव्हा घेतलं हे बरं झालं असं वाटतं, पण ते शहाणपण माझं नव्हे, तो योग.) मॉनिटर चोवीस इंची, आयपीएस, म्हणजे रंग जास्त खरे दाखवणारा. जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर आत्याचं गर्द हिरवं नऊवारी काळं दिसायचं, आणि मी कितीतरी दिवस ते काळंच समजून रंग उजळत बसलो होतो.

मधे एक मोह झाला होता जुन्या मशीनचा. कंपन्यांतून भाड्याची मुदत संपल्यावर निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क त्या रस्त्यावर ढिगाने मिळतात, धूळ पुसून, नवं स्टिकर लावून. पंचवीस हजारांच्या आत काम करायचं असेल तर मी आजही तिकडे बोट दाखवीन, पण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची बघूनच. सातवी आणि तिच्या मागची मशीनं विंडोज ११च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. शिवाय त्यातली जी पातळ, आडवी मशीनं असतात त्यांत उंच कार्ड बसत नाही आणि पॉवर सप्लायही त्यांच्याच घडणीचा असतो. घेताना खोकं छान आटोपशीर वाटतं, वाढवायला गेलं की भिंत लागते.

ग्राफिक कार्डाचे जे पैसे वाचले त्यातून मी चार-चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. एक कम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटात. आठवड्यातून एकदा कपाटातली काढायची, जोडायची, सगळं उतरवायचं, परत कपाटात. दुकानदार म्हणाला, "दुसरी कशाला? पुढच्या वर्षी घ्या, स्वस्त होईल." पुढच्या वर्षी डिस्क स्वस्त होईल, पण आत्या पंच्याऐंशीची होईल. जे पुन्हा शूट होणार नाही त्याच्या दोन प्रती आधी, बाकी सगळं मागाहून, या एका गोष्टीवर मी अडून बसलो. आणि सहाशे व्हीएचा एक यूपीएस. डोंबिवलीत वीज क्वचित जाते, तरीही. तो टेबलाखाली ठेवताना मला इन्व्हर्टर दिसत होता, आणि कंदिलाच्या उजेडातले काकूंचे हात.

सगळं जोडलं त्या रात्री मी तो तुकडा उघडला. दोन्ही फोनची चित्रं शेजारी-शेजारी लावली. खुंटा फिरला, हात फिरला, बांगड्या वर-खाली झाल्या. जात्याच्या तोंडातून पीठ सांडताना कण वेगळे दिसत होते. दुसऱ्या ओळीचा मध्य आला आणि आत्या थांबली. मागे गेलो, पुन्हा लावलं. त्याच जागी, तेवढाच वेळ. पुन्हा. तेवढाच. ओवी भावाची होती, आणि ओवीत जिथे भावाचं नाव घालायचं असतं तिथे ती थांबत होती. चेहऱ्यावरच्या फोनमध्ये काहीच नव्हतं, ती खाली बघत होती. पण हातावरच्या फोनमध्ये दिसत होतं की जातं थांबलेलं नाही. हात फिरतच होता. आवाज बंद, हात चालू, साधारण अडीच सेकंद, आणि मग तिने नाव न घेता पुढचा शब्द उचलला. ते अडीच सेकंद मी जसेच्या तसे ठेवले आहेत. ऐकणाऱ्याला कदाचित वाटेल, इथे काहीतरी अडकलं.

त्याच रात्री तो मुलगा पुन्हा मनात आला, आणि या वेळी नीट आला. त्याच्याकडेही कुणाचे तरी असे अडीच सेकंद असणार. पाठवणीच्या वेळी बाप मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि काही बोलत नाही, ते. मी काय समजून गप्प बसलो होतो? की त्याला फक्त थोडा उशीर होईल? नवं मशीन असूनही चित्र अडखळेल, तो सेटिंगमध्ये चूक शोधेल, विंडोज पुन्हा टाकेल, मित्रांना विचारेल, आणि मामांना सांगू शकणार नाही. दोष आपलाच असं त्याला वाटेल. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

दुसरी बाजूही मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. त्याच्या तालुक्याच्या गावात दुकान असेल, तर ते काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट बघून गिऱ्हाइकावर छाप पडेल. लग्नाच्या धंद्यात ती छाप पोकळ नसते, तिने काम मिळतं, काकांच्या दोन व्हीसीआरनेही मिळायचं. कार्ड वाया गेलेलं नाही. रंग करताना, इफेक्ट लावताना, शेवटी फाइल बाहेर काढताना ते राबेल. आणि प्रॉक्सीचा मार्ग आहेच. शूट केलेल्या प्रत्येक तुकड्याची हलकी, लहान प्रत रात्रभरात करून घ्यायची, कात्री त्या प्रतींवर चालवायची, शेवटी बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्र घेतं. जास्तीची डिस्क लागते आणि एक रात्र जाते, पण टाइमलाइन पाण्यासारखी चालते. ज्याच्याकडे मशीन बदलायला पैसे नाहीत त्याच्यासाठी यासारखी दुसरी सोय नाही. त्याला ती माहीत असेलही. आजकाल मुलं मोबाईलवर सगळं शिकतात. असेल. पण हे म्हणताना मी त्याची समजूत घालत नसतो, स्वतःची घालत असतो, आणि ते मला कळतं.

महिन्याभराने मी पुन्हा त्या दुकानात गेलो. एक केबल हवी होती, पण केबल डोंबिवलीतही मिळते. दुकानदाराला त्या मुलाबद्दल विचारलं. त्याला लगेच आठवलं नाही. काचेचं कॅबिनेट, बरोबर मामा, साताऱ्याकडचे, असं सांगत गेलो तेव्हा त्याने बिलबुक चाळलं. नंबर होता, पण तो मला देणार नाही म्हणाला, आणि ते योग्यच होतं. मी त्याला एफ आणि फोर-टू-टूची गोष्ट सांगितली, त्या दिवशी सांगायला हवी होती तेवढी, वीस सेकंदांत. तो रागावला नाही. हातातलं काम ठेवून त्याने ऐकलं, कॅमेऱ्याचं नाव दोनदा विचारलं आणि बिलबुकच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "उसी दिन बोल देते ना साहब. डबा खुला नहीं था, बदल के दे देता."

डबा उघडला नव्हता.

मी त्याच्याकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात प्रॉक्सी कशा करायच्या ते लिहिलं, पुढे कधी प्रोसेसर बदलायची वेळ आली तर त्याच मदरबोर्डवर एफ नसलेला बसेल हे लिहिलं, आणि खाली माझा नंबर. त्याने ते कार्ड त्या बिलाच्या पानात घालून ठेवलं आणि फोन करून सांगतो म्हणाला. त्याने केला की नाही, मी विचारायला गेलो नाही. आत्याच्या ओव्यांचं काम अजून चाललं आहे, चार दिवसांच्या चित्रणातले दोन दिवस संपले. लग्नसराई सुरू आहे. रात्री काम करताना फोन शेजारी उताणा ठेवतो, आणि अनोळखी नंबर आला की उचलतो.